दादाभाऊंच्या घरचं नेट

दुपारी एकला हॉस्पिटलातून निघायचं, वडापच्या जीपमध्ये लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसायचं, अवसरी बुद्रुकच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं आणि वस्तीपर्यंत ऊन तुडवत चालत यायचं. घरी आल्यावर सासूला जेवू घालायचं, तिचं अंग पुसायचं, भांडं काढून धुवायचं, आणि मग दारातल्या लिंबाखाली खाट टाकून पुन्हा कामाला बसायचं. एप्रिल महिना यशोधराचा असा गेला. रात्री अंथरुणावर पडली की नवरा काहीतरी विचारायचा आणि उत्तर देता देता तिला झोप लागायची.

मंचरच्या एका खाजगी हॉस्पिटलात ती क्लेमच्या टेबलावर कामाला होती. सरकारी योजनेतून नाहीतर विम्यातून ज्यांचा खर्च व्हायचा त्यांची कागदं कंप्युटरवर चढवायची, वरून शंका आली की उत्तर द्यायचं, मंजुरी आली की वॉर्डात कळवायचं, असं ते काम. मंजुरी आल्याशिवाय पेशंट सुटायचा नाही. त्यामुळं दिवसभर तिच्या टेबलापुढं कुणी ना कुणी उभं असायचं. त्यांना तिच्याकडून एकच गोष्ट ऐकायची असायची.

मार्चमध्ये सासू, द्रौपदाबाई, मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण उठणं नाही की बसणं नाही. नवरा राजरत्न रांजणगावला कंपनीत, त्याच्या शिफ्टा आठवड्याला बदलायच्या. मुलगी पुण्यात नर्सिंगच्या होस्टेलला. म्हातारीला एकटं ठेवता येत नव्हतं आणि नोकरी सोडता येत नव्हती. सकाळचं राजरत्न आणि शेजारपाजारच्या कुणाकुणाच्या जिवावर निभायचं. दुपारचं कुणीच नव्हतं.

यशोधरानं मॅनेजर रोहिणी मॅडमना विचारलं.

"दुपारनंतर घरून कर," मॅडम म्हणाल्या. "लॅपटॉप ने रोज. पण काम अडता कामा नये हां, यशोधरा."

"नाही अडणार मॅडम."

म्हणताना तिला खरंच तसं वाटत होतं.

लॅपटॉप हॉस्पिटलचा, जुना. त्याचं आतलं वायफाय कधीचंच गेलं होतं. हॉस्पिटलात कुणाचं काही अडायचं नाही. भिंतीतून आलेली निळी केबल बाजूला खोचली की नेट सुरू. घरी मात्र केबल कुठून येणार? फायबरवाल्या कंपनीच्या माणसाला तिनं फोन केला तर तो म्हणाला, रस्त्याच्या कडेला घर असेल तर बघू, आत रानात एका घरासाठी खांब कोण टाकणार? खांबांचा खर्च तुम्ही देत असाल तर सांगा. तिनं आकडा ऐकला, बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

मंचरच्या एका दुकानदारानं तिला बोटाच्या पेराएवढी वायफायची पिन दिली. "ही खोचा ताई, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालंल तुमचं मशीन." स्वस्तात झालं म्हणून ती खुशीत घरी आली. पिन खोचली तर लॅपटॉप पासवर्ड मागायला लागला. मशीनमध्ये नवीन काही बसवायचं असेल तर लागणारा तो पासवर्ड अमृतकडं. अमृत म्हणजे हॉस्पिटलचे कंप्युटर बघायला मंगळवारी येणारा माणूस.

"ताई, मला देता येतो, पण मॅडमचं मेल पाहिजे," अमृत म्हणाला. "उद्या मशीनमध्ये काही शिरलं तर माझ्या गळ्यात येतं."

मॅडम म्हणाल्या, "बघू, सांगते मी त्याला."

पुढचा मंगळवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. एकदा आठवण केली, दोनदा केली. तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. मॅडमच्या टेबलापुढं आधीच तिघं उभे होते.

मग उरली वायर. मोबाइल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला की मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं, त्याला पासवर्डही लागत नाही. हे तिला मुलीनं फोनवर समजावलं. पण स्लॅबच्या घरात मोबाइलला रेंज नव्हती. खिडकीत नव्हती, ओट्यावरही नव्हती. ती होती लिंबाखाली, तीही खाटेच्या एका कोपऱ्यात. तिथं उशीवर मोबाइल ठेवायचा, वायर लॅपटॉपला लावायची, चार्जरची वायर खिडकीतून ओढून आणायची आणि बसायचं. उन्हात स्क्रीन दिसायची नाही म्हणून ती डोक्यावरून ओढणी घेऊन लॅपटॉपसकट स्वतःला झाकून घ्यायची. ओढणीच्या आत घामाच्या धारा लागायच्या. लॅपटॉपचा पंखा धापा टाकल्यासारखा वाजायचा.

"यशे! कुठं गेलीस?"

"हितंच हाय, आत्या. लिंबाखाली."

"पानी."

ती उठायची. उठताना खाट हलायची, मोबाइल सरकायचा, वायर निघायची. परत येऊन बघावं तर क्लेमच्या साइटनं बाहेर काढलेलं असायचं. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा मेलवर आलेला नंबर. तोवर आतून हाक यायची, "यशे, कूस बदलून दे गं."

द्रौपदाबाई काही हेकट नव्हत्या. हाक मारण्याआधी त्या बराच वेळ गप्प पडून राहायच्या, हे यशोधराला माहीत होतं. एकदा अंथरूण ओलं झालं तरी त्यांनी हाक मारली नव्हती. "तुझं काम चाललेलं," म्हणाल्या. तेव्हापासून यशोधरा मधूनमधून आपणच उठून आत जायची, आणि वायर निघायची.

संध्याकाळी तर बसायची सोयच नव्हती. घरामागं पाऊलवाटेपर्यंत ऊस होता आणि त्या उसात बिबट्या फिरत होता. त्याला सगळे वाघच म्हणायचे. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेली होती, दिवस मावळल्यावर कुणी उघड्यावर बसू नका, वाकून काम करू नका. ती तर ओढणी घेऊन वाकूनच बसलेली असायची. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला की उरलेलं काम तसंच मिटून ती आत यायची. ते काम दुसऱ्या दिवशी सकाळच्या कामावर चढायचं.

मे महिन्याच्या सुरुवातीला आहुप्याचे सावळेराम नावाचे म्हातारे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले होते. बायको भागूबाई सोबत. दोघंच. भागूबाई रोज सकाळी यशोधराच्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, काही विचारायच्या नाहीत. सुट्टी मिळायची होती त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं.

"बाई, आज सोडतील ना?"

"सोडतील. मी कागदं चढवलीत. दुपारपर्यंत येईल मंजुरी."

"घोडेगावातून आमची शेवटची गाडी जाती. ती गेली की मग न्हाई. वर डोंगरात कोन नेनार आमाला?"

"मिळेल गाडी," यशोधरा म्हणाली.

दुपारी ती घरी आली, सासूचं आवरलं, लिंबाखाली बसली. साइट उघडली तर मंजुरी नव्हती, शंका होती. एक कागद पुसट आलाय, पुन्हा पाठवा. मोठं काम नव्हतं. कागद तिच्या लॅपटॉपमध्ये होता. तिनं तो काढला, चढवायला घेतला आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. वॉर्डातल्या सिस्टरच्या फोनवरून भागूबाई बोलत होत्या.

"बाई, हे म्हनत्यात अजून कागूद आला न्हाई. आमची गाडी..."

आणि आवाज तुटला. तिनं मोबाइल पाहिला. रेंजची एकही काडी नव्हती. ती खाटेवरून उठली, मोबाइल वर धरून अंगणात फिरली, पाण्याच्या टाकीवर चढली. कुठंच काही नाही. टॉवरलाच काहीतरी झालं होतं. असं पूर्वीही व्हायचं, कधी तासाभरात यायची रेंज, कधी दुसऱ्या दिवशी. मंचरला परत जायचं तर म्हातारीजवळ कोण? फोन करून दुसऱ्या कुणाला सांगावं तर फोनच लागत नव्हता. टाकीवर उभ्या उभ्या तिला बांधापलीकडं दादाभाऊंचं घर दिसलं. रस्त्याला लागून. घराच्या कोपऱ्यावर मेंढरांच्या वाड्याकडं तोंड करून बसवलेला कॅमेरा.

दादाभाऊंच्या घरी फायबर होतं. गेल्या वर्षी बिबट्यानं वाड्यातून मेंढी उचलली तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, हनुमंतानं, कॅमेरा बसवून घेतला होता आणि त्यासाठी नेट. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण दोन वर्षांपासून त्या घराशी बोलणं नव्हतं. दादाभाऊंची मेंढरं राजरत्नच्या मक्यात शिरली होती. झालेलं नुकसान काही फार नव्हतं, पण राजरत्न रात्रपाळी करून आलेला, तापलेला. चारचौघांत तो म्हणाला, "सांभाळायला होत नसतील तर विकून टाका." त्या दिवसापासून दादाभाऊंनी बांधावरची वाटच सोडली.

ती खाली उतरली. लॅपटॉप मिटून बॅगेत घातला आणि आत गेली.

"आत्या, मी जरा दादाभाऊंच्या घरी जाऊन येते. इथं नेट गेलंय आणि एका पेशंटचं अडलंय. तुम्ही एकट्या राहाल का थोडा वेळ?"

द्रौपदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "दादाभाऊच्या?"

"हां."

म्हातारी म्हणाली, "जा. चिमाला म्हनावं, मी जित्ती हाय अजून."

चिमाबाई म्हणजे दादाभाऊंची बायको. तरुणपणी दोघी एकाच टोळीत खुरपायला जायच्या. रानात दोघी एका फडक्यातली भाकरी खायच्या, एका तांब्यातलं पाणी प्यायच्या. गावात मात्र जात आडवी यायची, चिमाबाई द्रौपदाबाईंच्या उंबऱ्यापर्यंतच यायच्या. बाहेर बसून बोलायच्या आणि जायच्या. नंतर पुरुषांचं भांडण झालं आणि तेही थांबलं.

यशोधरा बांध ओलांडून गेली तेव्हा दादाभाऊ वाड्यापुढं मेंढरांना पाला टाकत होते. त्यांनी तिला येताना पाहिलं आणि पुन्हा पाल्याकडं वळले.

"राम राम, तात्या."

दादाभाऊ पाला टाकत राहिले. घरातून चिमाबाई हात पुसत दारात आल्या. यशोधरा उन्हातच उभी राहून सांगायला लागली. पेशंट आहुप्याचा, त्याची शेवटची गाडी, टॉवर गेला, एकच कागद पाठवायचा आहे. सांगताना तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागत होता. ती इतकी दमली होती की तिला लाजही वाटत नव्हती.

"नेट क्यामेऱ्याचं हाय," दादाभाऊ पाल्याकडं बघतच म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई."

"द्रौपदा कशी हाय?" चिमाबाईंनी विचारलं.

"पडून आहेत. त्यांनी सांगितलंय, चिमाला म्हनावं, मी जित्ती हाय अजून."

चिमाबाई दारात तशाच उभ्या राहिल्या. मग पदर खोचत खाली उतरल्या. "आन् आता एकलीच हाय व्हय घरात?"

"एकट्याच आहेत."

"मग हितं काय उभी ऱ्हातीस? आवर तुझं." नवऱ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "हिला काय लागंल ते द्या," आणि अनवाणीच बांधाच्या दिशेनं निघाल्या.

दादाभाऊंनी हातातला पाला टाकला. खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मुलाला लावला. घरातल्या नेटवरून त्यांचा व्हॉट्सॲपचा फोन चालत होता.

"हनुमंता, ते नेटचं कुलूप काय हाय रे?"

"पासवर्ड? कशाला पाहिजे?" पलीकडून आवाज आला.

"मला पाहिजे."

"आबा, कुणाला देऊ नका. मागं सगळ्या पोरांना वाटला तर कॅमेरा अडकायला लागला होता."

"अरे, राजूची बायको आलीय. हास्पिटलचं काम हाय तिचं. मानूस अडकलंय तिकडं."

"राजरत्नची? तो तर आपल्याला..."

"त्यो आला न्हाई, ती आलीय," दादाभाऊ म्हणाले. "सांग म्हनलं ना."

हनुमंतानं एकेक अक्षर सांगितलं आणि यशोधरानं ते मोबाइलमध्ये टाकलं. मोबाइलला वायफाय लागलं, मोबाइलची वायर लॅपटॉपला लागली. दादाभाऊंनी पोतं झटकून ओसरीवर टाकलं होतं, त्यावर ती बसली. मेंढरांचा वास, माशा, गरम वारा. कागद दोन मिनिटांत गेला. लिंबाखाली ज्याला अर्धा तास लागायचा तो कागद.

पण कागद गेला म्हणजे मंजुरी आली असं नसतं. ती स्क्रीनकडं बघत बसली. मधेच तिनं वॉर्डात निरोप पाठवला की पाठवलंय, थांबा. दादाभाऊंनी तांब्याभर पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं आणि पुन्हा वाड्याकडं गेले. उन्हं उतरली. मंजुरी आली तेव्हा सावल्या पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. तिनं वॉर्डात व्हॉट्सॲपवरूनच फोन लावला.

"आली, आत्ता आली. सोडा त्यांना."

"सोडते," सिस्टर म्हणाली. "पण आता जाऊन काय उपयोग ताई? घोडेगावात पोचेपर्यंत गाडी निघून जाईल. राहू देते आजची रात्र इथंच, व्हरांड्यात."

यशोधरानं लॅपटॉप मिटला. दादाभाऊंना म्हणाली, "येते तात्या. लई उपकार झाले."

"झालं का काम?"

"झालं. पण उशीर झाला."

दादाभाऊंनी मान हलवली. ती बांधावरून परत आली तेव्हा घरात बोलण्याचा आवाज येत होता. चिमाबाई आत, खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. चुलीवर चहा उकळत होता, तो त्यांनीच टाकला होता. दोघींपुढं दोन रिकाम्या बशा होत्या, म्हणजे पहिला घेऊन झाला होता.

"हिची येनी घातली म्या," चिमाबाई म्हणाल्या. "क्येसाची पार सुंभं झाली व्हती."

द्रौपदाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, यशोधराला दिसलं नाही. तिनं बॅग खाली ठेवली आणि दाराला टेकून बसली. उठून कुणासाठी काही करायचं नव्हतं असा तो कित्येक दिवसांतला पहिलाच क्षण असेल, आणि तिला तो नीट घेताही आला नाही. डोक्यात भागूबाई होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम लवकर पोचली. दोघं गेटजवळच्या कट्ट्यावर बसले होते. सावळेराम टाक्यांवर हात धरून. भागूबाईंच्या मांडीवर बोचकं.

"मावशी, माझ्यामुळं तुमची गाडी गेली," यशोधरा म्हणाली.

"तुमी तरी काय करनार बाई," भागूबाई म्हणाल्या. "एक रात तं व्हती. आमची गुरं शेजाऱ्यानं बांधली असत्याल." मग त्यांनी पदराखालून औषधांची पिशवी काढली. "येवढं सांगा, सकाळची कोनती आन् रातची कोनती."

यशोधरानं प्रत्येक पाकिटावर पेननं उगवता नाहीतर मावळता सूर्य काढून दिला. भागूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. त्यांना घोडेगावच्या जीपमध्ये बसवून ती वर आली तर रोहिणी मॅडमनी बोलावलंच होतं.

"काल काय झालं? काम अडणार नाही म्हणाली होतीस तू."

एरवी ती सॉरी म्हणाली असती. त्या दिवशी तिच्याकडं तेवढंही उरलं नव्हतं. "मॅडम, अमृतला मेल पाठवा," ती म्हणाली. "मी तीन आठवडे मागतेय."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. तिच्यासमोरच मेल लिहिलं. मंगळवारी अमृतनं पासवर्ड टाकला आणि ती पेराएवढी पिन चालू झाली. सगळं मिळून चहा पिण्याइतका वेळ लागला.

आता नेट घरात आणायचं राहिलं होतं. दादाभाऊंच्या घरून केबल ओढली आणि निम्मा खर्च आपण उचलला तर दोघांनाही स्वस्त पडेल, असं तिनं चिमाबाईंजवळ बोलून ठेवलं होतं. चिमाबाई आता रोज दुपारी येत होत्या, त्यांनी ते घरी सांगितलं. हनुमंत म्हणाला, अर्धे पैसे मिळणार असतील तर माझी ना नाही. अडला तो राजरत्न.

"त्यांच्या दारात जाऊन नेट मागायचं?" तो म्हणाला.

"मागून झालंय. मी गेले होते."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही सेकंड शिफ्टला होता, आणि फोन लागत नव्हता. आणि विचारलं असतं तरी मी गेलेच असते." ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "अहो, मला आता भांडायचं पण त्राण नाही. तुम्हाला जमत असेल तर रविवारी केबल ओढा. नसेल जमत तर लिंबाखाली तुम्ही बसा."

राजरत्न जेवला, ताट धुवून ठेवलं. एरवी तो ठेवायचा नाही.

रविवारी केबल टीव्हीवाला भिका वायरचं भेंडोळं घेऊन आला. त्यानं पावलं टाकून अंतर मोजलं. "शंभर मीटरच्या आत हाय, चालंल," म्हणाला. "पर उघडी टाकू नका. मेंढरं कुरतडत्याल, उंदीर कुरतडत्याल." मग दादाभाऊंनीच वाड्यामागं पडलेली ठिबकची जुनी नळी दाखवली. तिच्यातून केबल ओवायची आणि बांधाच्या कडेनं मातीत पुरायची. एका टोकाला दादाभाऊ, दुसऱ्या टोकाला राजरत्न. एकानं सुतळी ओढायची, एकानं केबल आत ढकलायची. सुरुवातीला दोघं भिकामार्फतच बोलत होते. "त्यांना म्हनावं सैल सोडा." "त्याला म्हनावं दम धर जरा." नळी मध्येच अडली तेव्हा मात्र भिका लांब होता.

"ओढू नको, तुटंल," दादाभाऊ म्हणाले.

"बरं."

राजरत्न वाकून नळी मोकळी करत होता. बऱ्याच वेळानं, मान वर न करता तो म्हणाला, "तात्या, मेंढरं कमी दिसतात."

"इकली निम्मी."

राजरत्न थांबला.

"तुझ्या बोलन्यानं न्हाई इकली," दादाभाऊ म्हणाले. "गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. हनुमंताला त्यात गोडी न्हाई. कोन हिंडनार मागं?"

"तरी मी तसं बोलायला नको होतं."

"नकोच व्हतं," दादाभाऊ म्हणाले. "ओढ आता, सुटली बघ."

संध्याकाळपर्यंत केबल घरात आली. भिकानं एक जुना राउटर आणला होता, कुणाच्या तरी घरून बदललेला, तो खिडकीवर बसवला. दिवे लागले. यशोधरानं लॅपटॉपमध्ये पिन खोचली, साइट उघडली. उघडली तशी ती उघडीच राहिली. उठून तिनं सासूला पाणी दिलं, कूस बदलून दिली, परत आली. साइट तिथंच होती.

जून असाच गेला. सकाळी हॉस्पिटलात निळी केबल, दुपारी घरात पिन. पंख्याखाली बसून काम व्हायचं आणि हाक आली तर उठताही यायचं. खरं तर हाका कमी झाल्या होत्या. चिमाबाई दुपारी यायच्या त्या वाड्याचं दार लावायच्या वेळेपर्यंत बसायच्या. द्रौपदाबाई वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या, मग खाटेपासून दारापर्यंत. कधी चिमाबाई तिथल्या नेटवर आपल्या मोबाइलला व्हिडिओ लावून हनुमंताच्या मुलीला बघायच्या, तेव्हा द्रौपदाबाई उशीवरून मान उचलून म्हणायच्या, "मला दाव की गं." यशोधरा कागद चढवता चढवता ते ऐकायची. थकवा गेला नव्हता. पण दिवस संपताना थोडं काम संपलेलं असायचं.

जूनच्या अखेरीला रोहिणी मॅडमनी बोलावलं.

"एक तारखेपासून पूर्ण वेळ इथंच बसावं लागेल, यशोधरा. वरून आलंय. लॅपटॉपही बाहेर न्यायचा नाही आता. सगळ्यांनाच आहे, तुझ्या एकटीला नाही."

"पण मॅडम, आता सगळी सोय केलीय घरी."

"मला माहितीय गं." मॅडम खरंच ओशाळल्या होत्या. "माझ्या हातात असतं तर..."

यशोधरानं मान हलवली. भांडावं असं काही मनात आलं नाही. ती टेबलावर येऊन बसली, निळी केबल खोचली आणि पुढच्या पेशंटची कागदं काढली.

घरी सांगितलं तेव्हा राजरत्न चिडला. "एवढं ओढलं-पुरलं ते कशासाठी मग? आणि आईजवळ कोण?"

"कोन म्हंजे?" खाटेवरून द्रौपदाबाई म्हणाल्या. "चिमा येती की. तुमी आपापल्या कामाला जा. मला काय वारं गेलंय व्हय? दारापातूर चालती की आता."

"आणि ते नेट?" राजरत्ननं विचारलं. "बंद करून टाकायचं?"

द्रौपदाबाई आणि खाटेशेजारी बसलेल्या चिमाबाई, दोघींनी एकदम त्याच्याकडं पाहिलं. आता तो महिन्याला निम्मे पैसे दादाभाऊंना जाऊन देतो, चहा घेतो, मेंढरांकडं बघत थोडा वेळ बसतो आणि येतो.

यशोधरा आता संध्याकाळच्या जीपनं येते. पहिल्या दिवशी ती फाट्यावर उतरली तेव्हा खांद्याला फक्त डब्याची पिशवी होती आणि चालताना तोल गेल्यासारखं होत होतं. घरी पोचली तेव्हा दोघी म्हाताऱ्या दारात होत्या. एक वॉकर धरून उभी, दुसरी तिच्या कमरेला हात लावून. चिमाबाईंना घरी जायची घाई होती, दिवस मावळत आला होता, वाड्याचं दार लावायचं होतं.

"च्या झाकून ठिवलाय," जाता जाता त्या म्हणाल्या. "गरम करून घे."

यशोधरानं तो गरम केला नाही. तसाच कपात ओतून घेतला, ओट्यावर बसून प्याली. मग द्रौपदाबाईंना धरून आत नेलं.